बागवान मंडळींच्या तीन बागा

पुण्यास जानेवारीची थंडी ऐन भरात आली म्हणजे आमच्या घरी एक निराळीच धांदल सुरू होते. आमच्या वहिनींनी श्रावणापासून जोपासलेल्या शेवंतीच्या कुंड्या गच्चीवरून खाली उतरतात, वाळलेली पाने एकेक करून खुडली जातात, कुंड्यांना गेरू लागतो, आणि एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनास त्या कुंड्या न्यावयाच्या कशा याविषयी घरातील सर्व पुरुषमंडळींची सभा भरते. वाडा होता तेव्हा अंगणातच वाफे होते. आता वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली, अंगण गेले, आणि वहिनींची बाग चौथ्या मजल्याच्या गच्चीवर गेली. परंतु प्रदर्शनाचा नेम काही चुकला नाही. दोन वर्षांमागे त्यांच्या पिवळ्या शेवंतीस दुसरे बक्षीस मिळाले. त्या दिवशी प्रदर्शनातून परत निघताना आमच्या धाकट्या नातीने मला विचारले, "आजोबा, ही एवढी मोठी बाग कोणाची?"

प्रश्न साधा होता. सरकारची म्हणावे तर पूर्ण खरे नाही. महापालिकेची म्हणावे तर मुळीच नाही. "एका मंडळीची" असे मी उत्तर दिले. "कसली मंडळी?" हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. तीस वर्षे वर्गात मुलांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यात ज्याचा जन्म गेला, त्यास घरच्या मुलीपुढे निरुत्तर होणे बरे वाटेना. म्हणून या विषयाचे जे काही पूर्वी वाचले होते ते पुन्हा धुंडाळून काढले. तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

बागेची हौस आपल्यास नवी नव्हे. वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदास एक अध्याय दिला आहे, आणि सुरपाल नावाच्या ग्रंथकाराने त्याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ रचला. त्याचे हस्तलिखित आज ऑक्सफर्ड येथील ग्रंथसंग्रहात आहे, हे आपले नशीब! त्यात कुणपजल नामक एका द्रवरूप खताची कृती आहे. प्राण्यांचे मांस, मज्जा इत्यादि शिजवून व कुजवून ते करावयाचे असते. ही कृती मी एकदा मोठ्या उत्साहाने वहिनींस वाचून दाखविली. त्यांनी पदर नाकास लावला आणि निंबोळीची पेंड व शेणखत हेच आपल्या घरास बरे, असा निकाल दिला. वात्स्यायनानेही गृहिणीने परसात भाजीचे व फुलांचे वाफे राखावे असे सांगितले आहे. म्हणजे राजाचे उद्यान होते, ऋषीचा आश्रम होता, गृहिणीचे परसू होते. परंतु दहापाच गृहस्थांनी एकत्र जमावे, वर्गणी काढावी, सभेचे वृत्त लिहून ठेवावे, बिया आणवाव्या व वाटाव्या, आणि कोणाची कोबी मोठी याची चढाओढ लावावी, हा प्रकार मात्र आपल्या जुन्या ग्रंथांत माझ्या तरी आढळात नाही. तो एकोणिसाव्या शतकातला. आणि हिंदुस्थानात त्याची मुहूर्तमेढ रोवणारा पुरुष मराठी भाषेचा मोठा उपकारकर्ता होता, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

तो पुरुष म्हणजे विल्यम कॅरे. इ. स. १७६१ मध्ये इंग्लंडातील एका खेड्यात जन्मलेला, धंद्याने चांभार, आणि १७९३ साली मिशनरी म्हणून बंगाल्यात उतरलेला. इ. स. १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरण छापले व १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश मोडी अक्षरांत प्रसिद्ध केला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवीत असे व या कामी वैजनाथ पंडितांचे त्यास साह्य होते. त्याच्या धर्मप्रसाराविषयी आपले मत काही असो, ज्या माणसाने कधी महाराष्ट्र पाहिला नाही त्याने आपल्या भाषेचे व्याकरण मुद्रित करावे, हे मास्तरकी केलेल्या माणसास विसरता येत नाही.

या कॅरेस झाडांचे वेड होते. श्रीरामपुरास (हे आमच्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, हुगळीच्या काठचे, तेव्हा डेन्मार्कच्या अंमलाखाली असलेले) त्याची पाच एकरांची बाग होती. इंग्लंडातून बियांच्या पिशव्या येत. एकदा अशी एक पिशवी रिकामी केल्यावर तिच्यात उरलेली माती त्याने बागेच्या एका कोपऱ्यात झटकली, आणि काही दिवसांनी तेथे एक डेझीचे रोप उगवले. मायदेशीचे ते क्षुद्र रानफूल पाहून या मनुष्यास इतका आनंद झाला की त्याने तो पत्राने कळविला, आणि त्यावरून जेम्स माँटगोमेरी या इंग्रज कवीने एक कविता केली. सन १८२३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला. कॅरे तेव्हा आजारी होता. पुराने त्याचे घर गेले व बागेची धूळधाण झाली. बरा होताच त्याने पुन्हा लावणीस आरंभ केला. त्याचे वय तेव्हा बासष्ट होते. माझे आजचे वय त्याहून थोडे अधिक आहे, म्हणून ही गोष्ट मला विशेष लागते.

आपल्या एकट्याच्या बागेवर मात्र तो थांबला नाही. इ. स. १८२० च्या सप्टेंबरच्या १४ व्या तारखेस कलकत्त्यास त्याच्या खटपटीने अॅग्रिकल्चरल अँड हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन झाली. तीत देशी गृहस्थांसही स्थान होते. 'शब्दकल्पद्रुम' हा संस्कृताचा प्रचंड कोश सिद्ध करणारे राधाकान्त देव हे तिच्या कार्यात भाग घेत. म्हणजे एक मराठीचा कोशकार व एक संस्कृताचा कोशकार एका मेजाशी बसून भाजीपाला, ऊस व कापूस यांचा विचार करीत होते! शब्द जमविणारास रोपे जमविण्याचीही हौस असते की काय, कोण जाणे.

कॅरे १८३४ च्या जूनमध्ये वारला. अखेरच्या आजारात त्यास एक काळजी होती. आपण गेल्यावर आपले सोबती मार्शमन बागेत गुरे सोडतील, असे तो म्हणे. मार्शमनांनी त्याची समजूत घातली. परंतु भय अगदीच निराधार नव्हते. आज श्रीरामपूरची ती बाग त्या रूपात राहिलेली नाही. आणि कलकत्त्यास अलिपूर येथे त्याने काढलेल्या मंडळीची बाग मात्र दोनशे वर्षे उलटून गेली तरी चालू आहे. सह्याद्रीत जो कुंभा नावाचा वृक्ष होतो, ज्याच्या सालीच्या तंतूंची वात पूर्वी तोड्याच्या बंदुकीस लावीत, त्यास वनस्पतिशास्त्रात 'कॅरेया' असे नाव आहे. ते या चांभार पंडिताच्या स्नेह्याने, डॉक्टर रॉक्सबर्ग याने, त्याच्या सन्मानार्थ दिले. आपण कुंभ्याखालून शंभरदा गेलो असू. नाव कोणाचे ते ठाऊक नव्हते, इतकेच.

आता इकडे येऊ. कलकत्त्याच्या मागोमाग दहा वर्षांनी, इ. स. १८३० मध्ये, मुंबईस अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही मंडळी निघाली. एवढे लांब नाव घेताना दम लागतो, म्हणून पुढे नुसते 'मंडळी' म्हणतो. तिची पहिली बाग शिवडीस होती. आज शिवडी म्हटली म्हणजे खाडीचा चिखल व हिवाळ्यात तेथे उतरणारे रोहित पक्षी एवढेच मुंबईकरांस आठवते. त्या काळी ती बेटाची कडा होती, वस्ती विरळ होती, आणि जमिनीस किंमत नव्हती. बागवानांस जमीन मिळते ती बहुधा अशाच ठिकाणी.

पुढे काळ पालटला. सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरात पैसा मावेना. या भरभराटीच्या दिवसांत मंडळीने भायखळ्यास, माझगावच्या माउंट इस्टेटीवर, दुसरी मोठी बाग उभी केली. तिचे चिटणीस डॉक्टर जॉर्ज बर्डवुड हे होते. हे गृहस्थ जन्माने बेळगावचे! वनस्पतींचा त्यांचा व्यासंग मोठा होता, व मुंबई इलाख्यातील वनस्पतिज पदार्थांची त्यांनी केलेली यादी प्रसिद्ध आहे. बाग आणि तिच्यालगतचे पदार्थसंग्रहालय या दोहोंसाठी खपणारांत आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड व नाना शंकरशेट हे अग्रभागी होते. एक वैद्यकी व प्राच्यविद्या यांत निष्णात, दुसरा व्यापारात व लोककार्यात. दोघांसही आपल्या शहरात शाळा, ग्रंथालय, संग्रहालय, बाग असे काही चिरकाल टिकणारे असावे असे वाटत होते. इ. स. १८६२ च्या नोव्हेंबरच्या १९ व्या तारखेस गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते या बागेचे उद्घाटन झाले. नाव 'व्हिक्टोरिया गार्डन्स'. लोकांनी ते आपल्या जिभेस वळवून राणीची बाग केले, व पुढे नुसती राणीबाग.

दुसरी बाग झाली आणि पहिली गेली. शिवडीची जागा १८६५ च्या सुमारास युरोपियन लोकांच्या दफनभूमीसाठी लागली. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दीतली ही गोष्ट. ती दफनभूमी अद्यापि तेथे आहे. बागेची जागा शेवटी शांतताप्रिय लोकांच्याच स्वाधीन झाली, असे म्हणून मंडळीने समाधान मानले असल्यास नकळे.

त्याच १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि मुंबईतील शेअरांचा खेळ एका रात्रीत उलटला. भल्याभल्या पेढ्या बसल्या. श्रीमंतांच्या वर्गणीवर जगणाऱ्या संस्थांस असे दिवस कसे गेले असतील ते सांगावयास नको. १८७३ साली राणीची बाग म्युनिसिपालिटीच्या ताब्यात गेली. तेव्हापासून ती शहराची झाली. पुढे जागा वाढली, पशुपक्षी आले, आणि मुलांच्या दृष्टीने बाग ही वाघ-हत्तींची पुरवणी ठरली. मी लहानपणी मुंबईस मावशीकडे गेलो की राणीच्या बागेत जाण्याचा हट्ट धरी. तेथे झाडे आहेत हे मला चाळिशी उलटल्यावर समजले. घारापुरीस ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटास 'एलिफंटा' म्हटले तो दगडी हत्ती येथेच संग्रहालयापाशी उभा आहे. १८६४ मध्ये तो उचलून नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले, आणि १९१४ साली ते पुन्हा सांधण्यात आले. संग्रहालय १८७२ मध्ये उघडले. १९७५ पासून त्यास भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. आणि बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

या बागेवरील अलीकडचा प्रसंग आमच्या वाचक भगिनींनी अवश्य ध्यानी घ्यावा असा आहे. सन २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचे नूतनीकरण करण्याची शेकडो कोटी रुपयांची योजना निघाली. बागेत नित्य फिरावयास येणाऱ्या काही स्त्रियांच्या मनात आले की, या योजनेत दीडशे वर्षांची झाडे कोठे आहेत? त्यांनी आरडाओरडा केला नाही. वहीपेन्सिल घेऊन त्या झाडे मोजू लागल्या. कोणते झाड, कोणत्या जातीचे, कोठे उभे. तीन हजारांहून अधिक वृक्ष, शेकडो जाती. मग अर्ज, सभा, वृत्तपत्रे आणि पुरातन वास्तूंचा विचार करणारी समिती. मूळची योजना तशी पार पडली नाही. २०१७ मध्ये पेंग्विन पाहावयास माणसांची रीघ लागली, आणि त्यावर लोकांनी बरीच थट्टा केली; पण जुने वृक्ष पुष्कळसे उभे राहिले. हातात यादी असली म्हणजे अधिकाऱ्यास उत्तर द्यावे लागते, हे त्या भगिनींनी ओळखले होते.

तिसरी बाग आमची, पुण्याची. लष्कराच्या हद्दीत, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ, प्रथम ती सोजिरांच्या विरंगुळ्याची बाग होती, व सोल्जर्स गार्डन या नावानेच ती ओळखली जाई. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केली, तेव्हा बागेलाही बढती मिळून ती 'एम्प्रेस गार्डन' झाली. म्हणजे मुंबईस राणी आणि पुण्यास सम्राज्ञी! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बाग मंडळीकडे आली, आणि शिवडी व भायखळा गमावलेल्या त्या नावास येथे घर मिळाले. आजही व्यवस्था त्याच नावाच्या संस्थेकडे आहे व ती आपले जन्मवर्ष १८३० असेच सांगते.

सुमारे चाळीस एकरांचा तो विस्तार. उन्हाळ्यात भर दुपारी आत शिरावे आणि अंगावरून कोणी थंड पंचा फिरविल्यासारखे वाटावे. जुने वड आहेत, आणि ज्यांच्या खोडास खोड म्हणावे की वेल असा प्रश्न पडावा अशा महावेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या आहेत. गारंबीची ती वेल पाहून लहान मुले तिच्यावर बसण्यासाठी धावतात. गारंबीच्या तुकतुकीत, मोठ्या तपकिरी बिया आमच्या आजीच्या फडताळात असत. त्या ज्या वेलीस येतात ती मी प्रथम येथे पाहिली. पुष्पप्रदर्शनाचे दिवस प्रजासत्ताकदिनाच्या आसपासचे. गुलाब, डेलिया, शेवंती, भाजीपाला, कुंड्यांतील खुजे वृक्ष, जपानी पद्धतीची पुष्परचना, आणि मुलांची चित्रकलास्पर्धा. एका बाजूस शास्त्रीय नावांच्या पाट्या, दुसऱ्या बाजूस बटाटेवड्यांचा वास. पुणेकर दोन्हींचा सारखाच आदर करतात.

येथेही जमिनीवर डोळा पडलाच. २०१८ च्या सुमारास बागेच्या जमिनीपैकी काही एकर सरकारी निवासस्थानांसाठी घेण्याचा प्रस्ताव पुढे आला. पुण्यात विरोधास माणसे जमविणे कधीच कठीण नसते, हे खरे; परंतु या वेळी जमलेल्यांत केवळ बोलणारे नव्हते. सह्यांची पत्रे आमच्याही घरी आली. वहिनींनी चष्मा लावून, पत्र संपूर्ण वाचून, मग सही केली.

माझी सही करताना मात्र हात क्षणभर थबकला. त्याचे कारण सांगतो. मी ज्या शाळेत अध्यापक होतो तेथे मागील बाजूस एक पडीक तुकडा होता. बावीस वर्षे मी व मुले मिळून तेथे बाग करीत होतो. पहिल्या वर्षी दगड वेचले, दुसऱ्या वर्षी आळी खणली. बकुळ, आवळा, कडुनिंब, पारिजातक, एक चाफा. आठवीच्या मुलांनी पाणी घालावयाचे, नववीच्यांनी खुरपावयाचे. संस्कृताच्या तासाला वृक्षांची नावे मी वर्गात शिकवीत नसे. बागेत नेत असे. सेवानिवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवाळीच्या सुटीत नव्या इमारतीसाठी ती सर्व झाडे तोडली गेली. मला कळले ते एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून. रागाने मी चालकांकडे गेलो. त्यांनी मला चहा दिला आणि अत्यंत सभ्यपणे विचारले, "मास्तर, या बागेचा काही ठराव झाला होता का? कोठे नोंद आहे का?"

ठराव नव्हता. नोंद नव्हती. झाडांची यादी नव्हती. सभासद नव्हते. मी बावीस वर्षांत एक पैसा वर्गणी कोणाकडून घेतली नव्हती, आणि त्याचा मला अभिमान होता! बाग माझी होती. म्हणून मी गेलो तेव्हा ती कोणाचीच उरली नाही. कॅरेची श्रीरामपूरची बाग आणि त्याची अलिपूरची मंडळी यांतला भेद मी पुस्तकात पुढे वाचला. पण तो मला त्या चहाच्या पेल्यासमोर कळून चुकला होता. सभा, कोरम, वृत्तान्त, हिशेबतपासनीस या गोष्टींचा मी जन्मभर उपहास केला. शिक्षकांच्या सभेत मी मागे बसून झोपा काढीत असे. आता राणीबागेतल्या त्या वह्या घेतलेल्या भगिनी आठवल्या की मनात येते, एका वर्गाला एक तास मी झाडे मोजावयास लावले असते तर?

असो. यंदाच्या प्रदर्शनात वहिनींच्या शेवंतीस बक्षीस मिळाले नाही. ऐन डिसेंबरात मावा पडला आणि कळ्या बारीक राहिल्या. परंतु त्या रित्या हाती परतल्या नाहीत. पहिले बक्षीस मिळालेली पांढरी शेवंती हडपसरकडील एका बाईंची होती. दोघींचे अर्धा तास बोलणे झाले; शेंडे कधी खुडावे, पाणी किती तोडावे, माव्यावर काय मारावे. फुले उतरल्यावर फेब्रुवारीत काश्या देण्याचे त्या बाईंनी कबूल केले, व त्याप्रमाणे निरोपही आला. नात एका कागदावर नाव, जात व तारीख लिहून कुंडीत खोचावयास तयार होतीच. त्या आधी तिने गच्चीवरील सर्व कुंड्यांची यादी करावयास घेतली आहे. काल सायंकाळपर्यंत त्रेपन्न झाल्या होत्या, आणि पाण्याच्या टाकीमागच्या अजून राहिल्या आहेत.